बियाण्यांची अतिशीत साठवण

बियाण्यांची अतिशीत साठवण म्हणजे पुरेशा वाळवलेल्या बिया हवाबंद पाकिटांत किंवा डब्यांत भरून शून्याखालील तापमानात दीर्घकाळ जपून ठेवण्याची पद्धत होय. जगभरातील बीजपेढ्यांत त्यासाठी साधारणतः उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. काही विशेष संग्रह उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा त्याच्या वाफेत ठेवतात. पिकांचे जुने वाण, त्यांचे रानटी नातलग आणि दुर्मीळ वनस्पती कायमच्या नाहीशा होऊ नयेत, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे.

अशा बियांपासून वाढणारी रोपे मूळ वाणासारखीच निपजतात का, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. योग्य प्रकारे वाळवलेल्या बीच्या रोपात केवळ गोठवल्यामुळे सहसा बदल होत नाही. रोपांत जे दोष आढळतात, त्यांचे मूळ बहुधा गोठवण्याआधीच्या हाताळणीत, साठ्यात येणाऱ्या वार्धक्यात किंवा बी बाहेर काढल्यानंतर केलेल्या घाईत असते.

बी गोठते म्हणजे काय होते

‘गोठलेली बी’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. पाण्याने भरलेली पेशी गोठली की आतल्या पाण्याचे स्फटिक बनतात, पेशीपटले फाटतात आणि पेशी मरते. गोठवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो तो यामुळेच. बीची गोष्ट निराळी आहे. झाडावर पक्व होत असतानाच ती आपले बहुतेक पाणी टाकून देते. पुढे वाळवून तिच्यातील ओलावा ३ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरवला, की उरलेले थोडे पाणी प्रथिने व शर्करा यांना इतके घट्ट बांधलेले राहते की त्याचा बर्फ होऊच शकत नाही. म्हणजे उणे १८ अंशांतील सुक्या बीत प्रत्यक्षात पाणी गोठलेले नसते.

अशा बीच्या पेशींतील द्रव्य काचेसारख्या घन अवस्थेत जाते. चिक्कीचा पाक थंड झाला की कडक आणि पारदर्शक होतो, पण त्यात साखरेचे दाणे पडत नाहीत. बीच्या पेशींत सुक्रोज, रॅफिनोज यांसारख्या शर्करा आणि काही खास संरक्षक प्रथिने मिळून जवळपास तसाच घट्ट पाक तयार होतो. त्यात रेणूंची हालचाल अत्यंत मंद होते आणि रासायनिक ऱ्हासही त्याच प्रमाणात मंदावतो. तापमान उतरवले की हा पाक आणखी घट्ट होतो. थंडीचा खरा उपयोग एवढाच आहे.

ओलसर बी मात्र गोठवली की मरते. कणसात अजून दुधाळ असलेल्या मक्याच्या दाण्यांवर कडक हिमतुषार पडला, तर त्यांची उगवणक्षमता खालावते ती याच कारणाने. तेलबियांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. तेलात पाणी मुरत नाही, त्यामुळे बीतील सगळे पाणी तेलाव्यतिरिक्तच्या भागात एकवटते. परिणामी, गव्हाला चालेल एवढा ओलावा तीळ किंवा भुईमूग यांना घातक ठरू शकतो.

आयुष्य किती वाढते

बियांच्या साठवणुकीविषयी अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचे दोन ठोकताळे प्रसिद्ध आहेत. बीतील ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट होते आणि साठवणुकीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरवले की तेही दुप्पट होते. ओलाव्यासाठी ५ ते १४ टक्के आणि तापमानासाठी ० ते ५० अंश ही या नियमांची मर्यादा आहे. या हिशेबाने १४ टक्के ओलाव्याचे बियाणे ६ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर ते ज्या तापमानात होते त्याच तापमानात २५६ पट टिकावे. उलट, न वाळवता ३० अंशांवरून शून्यावर आणले तर ६४ पटच. शून्याखाली प्रत्येक अंशामागे मिळणारा लाभ हळूहळू कमी होत जातो. ‘आधी वाळवण, मग थंडी’ हा बीजपेढ्यांचा क्रम त्यामुळे ठरला आहे. आपल्याकडे कणगी, बळद आणि राखेने भरलेली मडकी वापरणाऱ्यांनाही यातील पहिला अर्धा भाग पक्का ठाऊक होता. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी त्यांच्याकडे साधन नव्हते.

आयुष्य वाढते याचा अर्थ वार्धक्य थांबते असा नव्हे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या लेट्यूसच्या बियांचा अभ्यास अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ताज्या बियांपैकी निम्म्या निकामी होण्यास नायट्रोजनच्या वाफेत सुमारे ५०० वर्षे आणि द्रवात सुमारे ३४०० वर्षे लागतील, असे अनुमान त्यात काढले आहे. काळ दीर्घ असला तरी तो अनंत नाही. आधी उबदार जागी राहून अर्धवट म्हाताऱ्या झालेल्या बिया नायट्रोजनमध्येही तुलनेने लवकर निकामी होतात, हे त्याच अभ्यासातून दिसले. झालेली हानी थंडी भरून काढत नाही.

पिकापिकांतही मोठा फरक असतो. कांदा आणि सोयाबीन यांचे बी अल्पायुषी, तर ज्वारी, वाटाणा आणि बार्ली यांचे दीर्घायुषी मानले जाते. स्वालबार्ड येथील जागतिक बीजकोशात २०२० पासून १३ पिकांवर १०० वर्षांचा उगवण प्रयोग सुरू आहे. दर दहा वर्षांनी त्यातील काही बिया काढून तपासल्या जातील.

रोपांवर होणारे परिणाम

सुक्या स्थितीत गोठवलेल्या बिया आणि त्याच वाणाच्या ताज्या बिया शेजारी शेजारी पेरून केलेल्या तुलनांत रोपांची ठेवण, फुलोरा, फळधारणा आणि पुढील पिढी यांत सर्वसाधारणपणे फरक आढळत नाही. गोठवल्याने बीतील जनुके बदलत नाहीत. संकर होत नाही. वाणही ‘सुधारत’ नाही. थंडीत ठेवलेले बी काटक रोप देते हा समज चुकीचा आहे. काटकपणा रोपाने थंडीशी सामना करताना येतो आणि सुकलेली बी थंडीशी कोणताही सामना करत नसते.

परिणाम दिसतो तो वार्धक्याचा. साठ्यात वर्षे लोटतात तसे पेशीपटलांतील स्निग्ध द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते, प्रथिने बिघडतात आणि डीएनएच्या साखळीत तुटी पडतात. बी सुकी असेपर्यंत दुरुस्तीची यंत्रणा बंद असते. पाणी मिळाले की प्रथम ही दुरुस्ती सुरू होते आणि मगच पेशीविभाजन. जुनी बी रुजायला वेळ लावते याचे एक कारण हे आहे. दुरुस्ती अपुरी राहिली तर पहिल्या मुळाच्या टोकाशी गुणसूत्रे तुटलेल्या पेशी दिसतात. रशियन शास्त्रज्ञ नावाशिन यांनी १९३३ मध्ये क्रेपिस या वनस्पतीच्या जुन्या बियांत हा प्रकार नोंदवला होता. पुढे ब्रिटनमध्ये एरिक रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्ली, वाटाणा इत्यादी पिकांवर काम करून दाखवले की उगवणक्षमता जितकी घसरते तितक्या प्रमाणात, जिवंत राहिलेल्या बियांमध्येही गुणसूत्रांची हानी वाढते.

या हानीचा मोठा भाग रोपात टिकत नाही. बिघडलेल्या पेशी विभाजनाच्या शर्यतीत मागे पडतात आणि निरोगी पेशींच्या वंशातून रोप उभे राहते. लहानसहान उत्परिवर्तने मात्र तग धरू शकतात आणि ती बहुधा अप्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीत लपून राहतात. त्या रोपाच्या बियांतून पुढच्या हंगामात एखादे पांढुरके किंवा पिवळट, हरितद्रव्य नसलेले रोप उगवते, तेव्हा त्यांचा पत्ता लागतो. उणे १८ अंशांवर ही प्रक्रिया इतकी मंद होते की तेथील काही दशके कोठीघरातील एखाद्या उन्हाळ्याइतकीही भारी पडत नाहीत.

उगवणक्षमता आणि जोम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभरपैकी नव्वद बिया उगवल्या तरी त्यांतील काही उशिरा उगवतील, काहींची मुळे आखूड राहतील, काहींच्या दलिका वाकड्या असतील. जोम आधी घसरतो, उगवणक्षमता नंतर. आणि ती घसरू लागली की सरळ रेषेत घसरत नाही. बराच काळ जवळपास स्थिर राहून मग एकदम कोसळते. मंद सुरुवात करणाऱ्या रोपांपासून उत्पन्न घटते का, याचे उत्तर पिकावर अवलंबून आहे. पालेभाज्या, मुळा किंवा लेट्यूस यांसारखी कोवळ्या अवस्थेत काढायची पिके मागे पडली की तोटा होतोच. पूर्ण पक्व होऊन दाणा देणाऱ्या पिकांत, ताटांची संख्या पुरेशी राखली गेली तर ही रोपे सहसा बरोबरी गाठतात. विरळ उगवण हे तेथील नुकसानीचे खरे कारण असते.

आणखी एक परिणाम एकेका रोपात दिसत नाही, तो संपूर्ण वाणात दिसतो. गावठी वाण म्हणजे एकसारख्या रोपांचा संच नव्हे. त्यात थोड्याफार निराळ्या अनेक प्रकारांचे मिश्रण असते. त्यांतील अल्पायुषी प्रकार साठ्यात आधी मरतात. उरलेल्यांपासून पुन्हा बी तयार केले की वाणाचे नाव तेच राहते, पण रचना बदललेली असते. म्हणून बीजपेढ्या ठरावीक वर्षांनी नमुने तपासतात आणि उगवणक्षमता सुरुवातीच्या ८५ टक्क्यांखाली जाण्याआधी ते बी शेतात पेरून नव्याने वाढवतात. या पुनरुत्पादनातही धोके आहेत. मोजकीच रोपे घेतली तर दुर्मीळ गुण निसटतात. बाजरी किंवा कांदा यांसारख्या परपरागीकरण होणाऱ्या पिकांत शेजारच्या वाणाचे परागकण मिसळतात. जितक्या कमी वेळा पुनरुत्पादन करावे लागेल, तितका वाण शुद्ध राहतो. अतिशीत साठवणुकीचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा आहे.

सुप्तावस्था आणि वसंतीकरण यांविषयीचे गैरसमज

सफरचंद, अक्रोड यांसारख्या थंड प्रदेशांतील झाडांच्या बियांना रुजण्याआधी काही आठवडे थंडी लागते. या गरजेमुळे अशा बिया फ्रीजरमध्ये टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तो निरुपयोगी आहे. त्या बियांना लागते ती ओलसर अवस्थेतील, शून्याच्या थोड्या वरची थंडी. ४-५ अंशांवर ओल्या वाळूत त्यांच्या भ्रूणात रासायनिक बदल घडतात. सुक्या आणि गोठवलेल्या बीत काहीच घडत नाही.

वसंतीकरणाचेही तसेच आहे. हिवाळी गव्हाला फुलोऱ्यावर येण्यासाठी काही आठवडे थंडीचा काळ अनुभवावा लागतो. पाणी शोषून जागी झालेली बीसुद्धा हा अनुभव साठवू शकते. सुकी बी तो साठवत नाही. त्यामुळे बीजपेढीत वीस वर्षे काढलेला हिवाळी गहूही पेरल्यावर पुन्हा थंडीची वाट पाहतो. महाराष्ट्रात रब्बीत घेतला जाणारा गहू वासंतिक प्रकारचा असल्याने येथे हा प्रश्न उद्भवत नाही.

उलट दिशेचा परिणाम मात्र खरा आहे. भातासारख्या काही पिकांच्या ताज्या बियांत नैसर्गिक सुप्तावस्था असते आणि ती उबदार, सुक्या जागेत काही आठवडे ठेवल्यावर आपोआप ओसरते. असे बी काढणीनंतर लगेच गोठवले तर ती सुप्तावस्थाही गोठून राहते. वर्षांनंतर पेरलेले बी उगवत नाही म्हणून ते मेले असे समजून टाकून देण्याचा प्रमाद घडू शकतो. भाताच्या बाबतीत ५० अंशांच्या आसपास काही दिवस ऊब दिली की बी जागे होते.

गोठण न सोसणाऱ्या बिया

सुकणे आणि गोठणे सोसणाऱ्या बियांना ‘ऑर्थोडॉक्स’ आणि न सोसणाऱ्यांना ‘रिकॅल्सिट्रंट’ ही नावे रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये दिली. तृणधान्ये, कडधान्ये आणि बहुतेक भाज्या पहिल्या गटात येतात. कोकणची ओळख असलेली झाडे नेमकी दुसऱ्या गटात आहेत: आंबा, फणस, जांभूळ, कोकम, नारळ. आंब्याची कोय फोडली तर आतली बी ओली आणि जिवंतपणे श्वसन करणारी असते. ती सुकवली तर मरते आणि ओली ठेवून गोठवली तर बर्फाने मरते. अशा झाडांचे संवर्धन बागांतून करतात किंवा बीमधील इवलासा भ्रूणाक्ष काढून, त्याला संरक्षक द्रव्ये देऊन तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याचे अवघड तंत्र वापरतात. कॉफी आणि पपई यांच्या बिया या दोन गटांच्या मध्ये मोडतात. काही प्रमाणात सुकणे त्या सोसतात, पण नेहमीच्या अतिशीत साठवणुकीत त्यांचे आयुष्य वाढण्याऐवजी घटू शकते.

कूफिया या अमेरिकेतील तेलबी वनस्पतीची कथा उद्बोधक आहे. तिच्या काही जातींच्या बिया उणे १८ अंशांतून काढून पेरल्या की मरत. दोष पाण्याचा नव्हता, तेलाचा होता. त्यांतील स्निग्धांश थंडीत खोबरेल तेलासारखा थिजून स्फटिकरूप होई आणि त्याच स्थितीत पाणी आत शिरले की पेशींची रचना मोडे. पेरण्याआधी बिया थोड्या तापवून ते स्निग्ध वितळवले, तेव्हा त्याच ‘मेलेल्या’ बिया उगवल्या.

नैसर्गिक हिमात सापडलेल्या बिया

निसर्गातील गोठण बीजपेढीसारखे नेमके नसते. सायबेरियातील कोलिमा नदीच्या काठी, कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे ३८ मीटर खोल, खारींच्या प्राचीन बिळांत सायलेनी स्टेनोफिला या वनस्पतीची फळे सापडली. त्यांचे वय सुमारे ३१,८०० वर्षे ठरले. त्यांतील पक्व बियांपासून रोपे मिळाली नाहीत. कोवळ्या फळांतील बीजधारक ऊतीपासून प्रयोगशाळेत रोपे वाढवण्यात रशियन शास्त्रज्ञांना यश आले. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रोपांच्या पाकळ्यांची ठेवण आजच्या रोपांहून काहीशी वेगळी होती. हा फरक थंडीने घडवला असे मानण्याचे कारण नाही. ती एका पूर्वकालीन समूहाची रोपे होती. त्यांनी पुढे सुपीक बियाही दिल्या.

अशा बातम्यांबाबत सावधगिरी आवश्यक असते. कॅनडातील यूकॉन प्रदेशात हिमयुगीन बिळांत सापडलेल्या आर्क्टिक ल्युपिनच्या बिया किमान १०,००० वर्षांपूर्वीच्या असून त्या रुजल्या, असा दावा १९६७ मध्ये केला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. २००९ मध्ये कार्बन कालमापन केल्यावर त्या बिया आधुनिक काळातील निघाल्या.

बीजपेढ्या

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील जागतिक बीजकोश २६ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झाला. डोंगराच्या पोटात खोदलेल्या या दालनांचे तापमान उणे १८ अंश राखले जाते. यंत्रे बंद पडली तरी भोवतालची कायम गोठलेली जमीन बियांना बराच काळ शून्याखाली ठेवते. तेथील नमुन्यांवर मालकी ठेवणाऱ्या संस्थेचीच राहते.

या व्यवस्थेची कसोटी अपेक्षेपेक्षा लवकर लागली. सीरियातील अलेप्पोजवळ शुष्क प्रदेशांतील शेतीसाठी काम करणाऱ्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची बीजपेढी होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांचे, शेतीच्या जन्मभूमीतले वाण तिच्यात होते. यादवी युद्धामुळे ती हातची जाणार असे दिसू लागले. संस्थेने आधीच स्वालबार्डला पाठवलेल्या बियांपैकी सुमारे ३८ हजार नमुने २०१५ मध्ये परत मागवले आणि लेबनॉन व मोरोक्को येथे पेरले. ते उगवले, नवे बी तयार झाले आणि त्यातील वाटा २०१७ मध्ये स्वालबार्डच्या दालनात परत गेला.

भारतात नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने असून दीर्घकालीन संग्रह उणे १८ अंशांवर आहे. या संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र अकोला येथे आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग या महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याच्या पिकांचा मोठा संग्रह हैदराबादजवळील पाटणचेरू येथे ‘इक्रिसॅट’ या संस्थेकडे आहे. लडाखमधील चांग ला येथे, पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर, तेथील नैसर्गिक थंडीचा उपयोग करणारा बीजकोश २०१० मध्ये उभारण्यात आला.

या पद्धतीची एक अंगभूत मर्यादा आहे. पेढीतील वाण काळात थांबतो. बाहेर पाऊसमान बदलते, नव्या किडी व रोग येतात, आणि दरवर्षी शेतात पेरला जाणारा वाण निवडीतून त्यांच्याशी थोडा थोडा जुळत जातो. गोठलेल्या वाणाला ही संधी मिळत नाही. तीस वर्षांपूर्वीचे बी आज पेरल्यावर तांबेऱ्याला बळी पडले, तर तो थंडीचा दोष नसून मधल्या तीस वर्षांचा असतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या बीजरक्षकांचे कार्य येथे महत्त्वाचे ठरते. गावठी वाण दरवर्षी पेरून, निवडून जपण्याच्या या कामासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शेतातले बी बदलत राहते, पण एका दुष्काळात संपूही शकते. पेढीतले बी बदलत नाही, म्हणूनच संपलेला वाण तेथून परत आणता येतो.

हाताळणी आणि घरगुती वापर

गोठवलेल्या बियांचे नुकसान बहुधा अखेरच्या काही तासांत होते. डबा थंड असतानाच उघडला तर हवेतील दमट वाफ बियांवर दव बनून बसते आणि महिनोन्महिने केलेली वाळवण वाया जाते. डबा न उघडता खोलीच्या तापमानावर येऊ द्यावा, साधारणतः रात्रभर. फार सुके बी एकदम थंड, ओल्या मातीत पेरले तर पाणी वेगाने आत घुसून पेशीपटले फाटतात. घेवडा, सोयाबीन यांच्या दलिकांना तडे जातात. त्यासाठी पेरण्याआधी बी एखादा दिवस दमट हवेत ठेवून सावकाश ओलावू देतात. पुन्हा पुन्हा आतबाहेर करणे टाळावे.

परसबागेसाठी भाजीचे थोडे बी ठेवायचे असल्यास ते सावलीत कडकडीत वाळवून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवता येते. वाळल्याची खात्री नसेल तर फ्रीजरपेक्षा फ्रीजचा साधा कप्पा बरा. कडधान्याचे वाळलेले बी काही दिवस गोठवल्यास त्यातील भुंग्यांची अंडीही मरतात, हा वेगळा लाभ.

शेतावरच्या क्विंटलभर बियाण्याला मात्र गोठवण्याची गरज नाही आणि ते परवडणारेही नाही. एका हंगामातून दुसऱ्या हंगामात न्यायचे सोयाबीन सुके, हवेशीर आणि कमी थरांत ठेवले, मळणीत त्याचे नाजूक टरफल फुटू दिले नाही, तर ते टिकते. विदर्भ-मराठवाड्यात दुबार पेरणीची पाळी येते तेव्हा पावसाच्या खंडाबरोबर कित्येकदा उन्हाळ्यात कोठीत खालावलेले बीही त्याला कारण असते. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून, गुंडाळी करून ओलसर ठेवतात आणि साधारण आठवड्याने चांगले कोंब मोजतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी भारतात किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरवलेली आहे. मोजणी त्याहून थोडी खाली आली तर एकरी बियाण्याचे प्रमाण वाढवतात. फारच खाली आली तर ते बियाणे पेरणीसाठी वापरत नाहीत.